फुलांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि खरेदीदाराचे काम : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलीहाऊस उभारलेले शेतकरी, कृषी महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी आणि लग्नाच्या सजावटीची कामे घेणारे व्यावसायिक या तिघांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. येथे फुले म्हणजे दांडीसह कापून विकली जाणारी फुले, म्हणजेच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, शेवंती, लिलियम, ऑर्किड, अँथुरियम वगैरे, असे समजावे. हारासाठी किलोवर विकल्या जाणाऱ्या सुट्या फुलांचा व्यापार निराळा आहे.

खरेदीदार आणि अडत्या यांच्यात फरक काय?

अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो, आपली अडत, हमाली आणि तोलाई वजा करतो आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हातात ठेवतो. भाव पडला तर त्याची अडत कमी होते, पण माल त्याच्या अंगावर पडत नाही. खरेदीदार हा आयातदाराच्या, घाऊक विक्रेत्याच्या किंवा सुपरमार्केटला तयार गुच्छ पुरवणाऱ्या कंपनीच्या वतीने माल घेतो, आणि त्याने ‘घेतला’ म्हटल्याक्षणी तो माल त्याच्या कंपनीचा होतो. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर डाग दिसले तर उत्तर त्यालाच द्यावे लागते.

या कामाचा खरा हिशेब फुलांच्या संख्येचा नसून शिल्लक दिवसांचा असतो. युरोपातील अनेक सुपरमार्केटे गुच्छाच्या वेष्टनावरच पाच किंवा सात दिवसांच्या ताजेपणाची हमी छापतात. हे दिवस ग्राहकाच्या घरात मोजले जातात, त्यामुळे पॅकहाऊस, ट्रक, विमानतळ आणि गोदाम यांत गेलेला प्रत्येक दिवस त्याआधीच खर्ची पडलेला असतो. आज समोर असलेल्या दांडीत अजून किती दिवस शिल्लक आहेत, हे ज्याला सांगता येते तो खरेदीदार, एवढी साधी व्याख्या आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो.

कोल्हापुरात राहून हे काम करता येते का?

काही प्रमाणात येते, पण मर्यादा आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. या क्षेत्रातील बहुतेक जागा पुणे, मुंबई, बंगळूर, दुबई, नैरोबी आणि नेदरलँड्समध्ये आहेत. कोल्हापुरातून तीन प्रकारची कामे होतात. निर्यातदारासाठी शिरोळ, हातकणंगले, सांगली, सातारा आणि तळेगाव दाभाडे या पट्ट्यातील पॉलीहाऊसमधून माल ठरवणे हे पहिले. सजावटीसाठी थायलंडचे ऑर्किड किंवा नेदरलँड्सची फुले मागवणाऱ्या आयातदाराचा माल पाहणे हे दुसरे. आणि परदेशी कंपनीसाठी संगणकावरून दूरस्थ खरेदी करणे हे तिसरे. शिरोळ तालुक्यात कोंडिग्रे येथे माळरानावर उभी राहिलेली हरितगृहे पाहिलेल्या माणसाला हा विषय परका वाटत नाही.

अडचण रस्त्याची आहे. मुंबई विमानतळ येथून सुमारे पावणेचारशे किलोमीटर दूर आहे आणि महामार्गाचे काम ज्या आठवड्यात एखाद्या पुलापाशी अडलेले असते, त्या आठवड्यात गाडी किती वाजता निघावी हा निर्णय खरेदीच्या भावाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आल्समीरचा लिलाव ‘उलटा’ असतो म्हणजे काय?

आपल्याकडे मार्केट यार्डात गुळाचे सौदे पाहिलेल्या माणसाला बोली चढत जाण्याची सवय असते. नेदरलँड्समधील आल्समीर या गावच्या फुलांच्या लिलावात बोली उतरते. पडद्यावरील घड्याळाचा ठिपका चढ्या भावावरून सुरू होऊन झपाट्याने खाली येतो आणि जो खरेदीदार सर्वप्रथम बटण दाबतो, त्याला त्या क्षणीच्या भावाने माल मिळतो. भाव एका दांडीचा आणि युरोच्या सेंटमध्ये असतो. बटण दाबणाऱ्याने आपल्याला त्या लॉटमधील किती माल हवा ते सांगायचे, आणि उरलेल्या मालासाठी घड्याळ पुन्हा फिरते.

या पद्धतीचा उगम फुलांत नसून भाजीपाल्यात आहे. १८८७ मध्ये ब्रुक ऑप लांगेडाइक या गावी होड्यांतून येणारा भाजीपाला लिलावाने विकण्यास सुरुवात झाली, आणि पुढे हीच रीत फुलांनी उचलली. आल्समीरमध्ये एकमेकांशी स्पर्धा करणारी दोन लिलावगृहे होती. ती १९६८ मध्ये एकत्र आली आणि १९७२ मध्ये आजच्या प्रचंड इमारतीत कामकाज सुरू झाले. रॉयल फ्लोराहॉलंड ही आजची संस्था उत्पादकांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. साखर कारखाना आणि दूध संघ घरोघरी माहीत असलेल्या या जिल्ह्यात तिची रचना समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. सभासद उत्पादक, माल संस्थेकडे, पैसे संस्थेमार्फत, असा तो मामला आहे.

चढत्या बोलीत समोरच्याची बोली ऐकून आपण मत बदलू शकतो. उतरत्या घड्याळात समोरच्याच्या मनात काय आहे हे कळायला मार्गच नसतो, कारण त्याने बटण दाबले की तो लॉट आपल्या हातून गेलेला असतो. म्हणून नवा खरेदीदार भीतीपोटी लवकर दाबतो आणि दोन-तीन सेंट जादा देतो. अनुभवी माणूस आदल्या रात्री आलेल्या मालाचे आकडे पाहतो, कोणत्या उत्पादकाचा माल घड्याळावर कितव्या क्रमाला आहे हे टिपून ठेवतो आणि आपला कमाल भाव कागदावर लिहूनच बसतो. पूर्वी फुलांच्या ट्रॉल्या खरेदीदारांसमोरून फिरत असत. आता माल शीतगृहातच राहतो आणि पडद्यावर छायाचित्र, वाणाचे नाव, दांडीची लांबी, उमलण्याची अवस्था, प्रत आणि बादलीतील दांड्यांची संख्या एवढेच दिसते. त्यामुळे उत्पादकाची ओळख हीच अर्धी पारख झाली आहे.

दूरस्थ खरेदीची वेळ आपल्याकडे कोणती येते?

घड्याळे तेथील सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. मात्र खरेदीसाठी नोंदणी आणि बँकेची हमी लागते, त्यामुळे एकट्या माणसाने घरबसल्या बटण दाबणे शक्य नसते. नोंदणी असलेल्या कंपनीच्या वतीनेच ते करावे लागते.

सगळी फुले लिलावातच विकली जातात का?

नाही, आणि लिलावाचा वाटा कमी होत चालला आहे. मोठी सुपरमार्केटे थेट उत्पादकाशी हंगामभराचा करार करतात, ज्यात दर आठवड्याला किती दांड्या, कोणता वाण, कोणत्या लांबीचा आणि कोणत्या भावाने हे आधीच ठरलेले असते. दुसरा प्रकार रोजच्या खुल्या खरेदीचा. तिसऱ्या प्रकारात माल विक्रीसाठी परदेशी पाठवला जातो आणि तेथे जो भाव येईल त्यातून खर्च व कमिशन वजा करून पैसे मिळतात. हा तिसरा प्रकार म्हणजे आपली पट्टीच, फक्त युरोमध्ये. नव्या निर्यातदाराने या पद्धतीत शिरताना सर्व खर्चांचा तपशील आधी लेखी मागावा, कारण हिशेबात ‘इतर’ या शीर्षकाखाली काय काय बसते हे पाहून पुष्कळ जण थक्क झालेले आहेत.

माल प्रत्यक्ष कसा पारखतात?

गुलाबाचे उदाहरण घेऊ. खोका उघडताच प्रथम हात घालू नये, वास घ्यावा. कुबट, ओलसर वास आला तर आत कोठेतरी राखाडी बुरशी आहे असे समजून पुढे जावे. मग जुडीभोवतीचा पन्हळी कागद बोटांनी चाचपावा; तो लिबलिबीत झाला असेल तर वाटेत तापमान वरखाली होऊन आत दव धरलेले असते, आणि बुरशीला तेवढे पुरते. त्यानंतर कळीचा बुडाकडचा भाग चिमटीत धरून हलकेच दाबावा. ताजी कळी घट्ट आणि किंचित लवचीक लागते. जुनी कळी बाहेरून टवटवीत दिसली तरी बुडाशी पोकळ लागते. बाहेरील पाकळी वाकवून आत पाहावे, कारण करड्या ठिपक्यांची सुरुवात तेथेच असते. जुडी उलटी करून पांढऱ्या कागदावर झटकली की लपलेले फुलकिडे खाली पडतात. पानांच्या मागील बाजूस भुरी आणि लाल कोळी पाहावेत. शेवटी दांडीचे टोक पाहावे. ते तपकिरी आणि चिकट झाले असेल तर पाणी ओढणाऱ्या नलिका जिवाणूंनी किंवा हवेने बंद झालेल्या असतात, आणि असे फूल फुलदाणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकते.

कापणीची अवस्था हा पारखीचा सर्वांत नाजूक भाग आहे. फार घट्ट कळी कापली तर ती उमलतच नाही; फार उमललेली कापली तर प्रवासातच तिचे दिवस संपतात. जरबेऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची दांडी कापत नाहीत, बुडाशी धरून ओढून काढतात, आणि बाहेरील दोन-तीन ओळींतील केसरांवर पराग दिसू लागल्याशिवाय काढत नाहीत. घाई केल्यास दांडी मऊ राहते आणि वाकते. लिलियमची सर्वांत खालची कळी रंगावर आली की ती काढतात. एकाच नियमाने सर्व फुले पारखणारा माणूस या कामात फार काळ टिकत नाही.

एवढे करूनही प्रत्येक खेपेतील काही दांड्या कार्यालयातच पाण्यात ठेवाव्यात आणि रोज त्यांची नोंद करावी. आमच्या टेबलावर कायम अर्धवट सुकलेले गुलाब दिसतात, आणि पाहुण्यांना ते अशुभ वाटते. पण दावा (म्हणजे खराब मालाच्या भरपाईची मागणी), भाव आणि पुढील खरेदी या तिन्ही गोष्टी त्या सुकलेल्या गुलाबांवरून ठरत असतात.

लांब दांडीला जास्त भाव का? आणि केनिया, इक्वेडोरचे गुलाब आपल्यापेक्षा मोठे का?

गुलाबाची प्रतवारी ४०, ५०, ६०, ७० सेंटिमीटर अशा टप्प्यांनी होते. लांब दांडीसाठी झाडाला अधिक दिवस आणि अधिक अन्न लागते आणि त्यातून मिळणाऱ्या फुलांची संख्या कमी होते, म्हणून भाव चढा असतो. कळीचा आकार मात्र बराचसा रात्रीच्या थंडीवर अवलंबून असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, केनियातील नैवाशा सुमारे १,९०० मीटरवर, आणि इक्वेडोरमधील कायांबे सुमारे २,८०० मीटरवर. विषुववृत्ताजवळ बारमाही समान दिवस आणि थंड रात्री मिळाल्या की कळी सावकाश भरते, पाकळ्या अधिक येतात आणि दांडी जाड होते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने त्या तोडीच्या फुलाचे, हे मान्य करूनच खरेदीचे नियोजन करावे. एप्रिलमध्ये येथील शेतकऱ्याकडून ७० सेंटिमीटरची अपेक्षा धरणारा खरेदीदार त्याच्यावर आणि स्वतःवर, दोघांवरही अन्याय करतो.

सर्व फुले शून्य अंशाजवळ ठेवली तर जास्त टिकतील ना?

गुलाब, कार्नेशन, शेवंती यांच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. ती साधारण शून्य ते चार अंश सेल्सिअसच्या दरम्यान उत्तम टिकतात. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातील फुले मात्र साधारण बारा-तेरा अंशांखाली गेली की काळवंडतात. लग्नसराईत गोदामात जागा नसते म्हणून दोन्ही एकाच खोलीत ठेवण्याची चूक दरवर्षी कोणीतरी करतोच. कार्नेशनचा आणखी एक शत्रू म्हणजे इथिलीन वायू, जो पिकणाऱ्या फळांतून बाहेर पडतो. आंब्याच्या पेट्या आणि कार्नेशन एकाच गाडीतून पाठवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मिटलेल्या, झोपल्यासारख्या दिसणाऱ्या पाकळ्या मिळतात. म्हणूनच कार्नेशनवर कापणीनंतर चांदीच्या क्षाराच्या द्रावणाची प्रक्रिया केली आहे का, हे विचारून घ्यावे.

विमानाचे भाडे वजनावर असते ना?

वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर असते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागली की आकारमानाचे वजन किलोमध्ये मिळते. १०० बाय ४० बाय २५ सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन १६.७ किलो येते. समजा काट्यावर तो १२ किलो भरला, तरी भाडे १६.७ किलोचेच द्यावे लागते, म्हणजे पावणेपाच किलो हवा विमानाने पाठवली जाते. यामुळे खोका कसा भरला आहे हे पाहणे खरेदीदाराच्या कामाचाच भाग ठरते. मात्र हवा काढण्याच्या नादात कळ्या दाबल्या गेल्या तर भाड्यात वाचलेले पैसे दाव्यात जातात.

जहाजाने फुले जातात का?

जातात. केनिया आणि कोलंबियातून शीत कंटेनरमधून गुलाब, कार्नेशन यांसारखी निवडक फुले काही आठवडे प्रवास करून युरोपात पोहोचतात. त्यासाठी वाण, कापणीची अवस्था आणि बुरशीनियंत्रण सर्वच वेगळे ठेवावे लागते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि या हिशेबात आणखी दिवस मिळवावे लागले.

खरेदीदाराचे वर्ष कोणत्या सणांवर चालते?

१४ फेब्रुवारी सर्वांना माहीत असतो. मावळ पट्ट्यात त्यासाठीची तोड प्रजासत्ताक दिनाच्या आसपास सुरू होते आणि निर्यातीचा माल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघून जातो. ८ मार्चचा महिला दिन रशिया आणि पूर्व युरोपात फुलांचा मोठा दिवस आहे. ब्रिटनमधील मातृदिन ईस्टरच्या तारखेनुसार सरकतो आणि बहुधा मार्चमध्ये येतो, तर अमेरिका आणि जर्मनीत तो मे महिन्यातील दुसऱ्या रविवारी असतो. या दोन तारखांची गल्लत केल्याने रिकाम्या हाताने बसावे लागलेले लोक आहेत. १ नोव्हेंबरला फ्रान्स आणि पोलंडमध्ये थडग्यांवर शेवंती वाहतात, म्हणून फ्रेंच ग्राहकाला भेटवस्तूच्या गुच्छासाठी शेवंती सुचवू नये. रशियात भेटीच्या गुच्छातील फुलांची संख्या विषम असते, सम संख्या अंत्यसंस्कारासाठी.

आपल्याकडील पंचांगही समोर असावे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि फेब्रुवारीत मुहूर्त दाट असले तर स्थानिक भाव एवढा चढतो की उत्पादक निर्यातीचा माल देण्यास कां-कू करू लागतात. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. रोख पैसे, खोक्याचा खर्च नाही आणि परदेशी दाव्याची टांगती तलवार नाही, हे सोडून तुमच्याकडे का यावे, याचे उत्तर खरेदीदारानेच द्यायचे असते. ज्याने पितृपंधरवड्यात, मागणी नसताना, ठरलेला माल ठरलेल्या भावाने उचललेला असतो, त्याच्यासाठी फेब्रुवारीत चार बादल्या बाजूला ठेवल्या जातात.

कोणती कागदपत्रे लागतात?

निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड, अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाची नोंदणी, बीजक, पॅकिंग यादी, विमानाची मालपावती आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. फुले भारतात आणताना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना लागतो आणि विमानतळावर तपासणी होते. परदेशी नियम सतत बदलतात. उदाहरणार्थ, फॉल्स कॉडलिंग मॉथ या किडीमुळे युरोपीय संघाने आफ्रिकेतून येणाऱ्या गुलाबांवरील अटी २०२५ च्या एप्रिलपासून अधिक कडक केल्या. युरोपातील मोठे ग्राहक याशिवाय एमपीएस, ग्लोबलगॅप किंवा फेअरट्रेड यांसारखी प्रमाणपत्रे मागतात.

माल खराब निघाला तर पैसे परत मिळतात का?

वेळेत पुरावा दिला तर मिळतात. पुरावा म्हणजे खोक्यावरील लेबल आणि मालपावतीचा क्रमांक एकाच चौकटीत दिसतील अशी छायाचित्रे, खराब दांड्यांची मोजणी आणि खोक्यात ठेवलेल्या तापमाननोंद यंत्राचा आलेख. बहुतेक करारांत यासाठी २४ तासांची मुदत असते.

माझ्या पहिल्याच फेब्रुवारीतील गोष्ट आहे. चाळीस खोके गुलाब एका मधल्या विमानतळावर उन्हात पडून राहिले. आलेखात पाच तास १७ अंशांची रेषा स्वच्छ दिसत होती, त्यामुळे दावा पक्का आहे असे समजून मी शनिवार-रविवार गेल्यावर सोमवारी तो पाठवला. वाहतूकदाराने दोन ओळींत उत्तर दिले की मुदत शनिवारीच संपली. तेव्हापासून माल पोहोचण्याच्या दिवशी मी जेवणाचे आमंत्रण घेत नाही.

कोणते शिक्षण आणि कोणत्या भाषा लागतात?

उद्यानविद्येची पदवी उपयोगी पडते, पण वाणिज्य शाखेतून आलेली आणि उत्तम काम करणारी माणसेही आहेत. इंग्रजी आवश्यक आहे. डच लोक व्यवहारात सहज इंग्रजी बोलतात. येथील पॉलीहाऊसमध्ये मात्र मराठी आणि सीमेपलीकडील उत्पादकांसाठी थोडी कन्नड यांनी जे काम होते, ते इंग्रजीने होत नाही.

सुरुवात पॅकहाऊसमधून करावी, असा माझा आग्रह असतो. सहा महिने प्रतवारीच्या टेबलाशी उभे राहून काटे काढणे, पाने उतरवणे, लांबीनुसार दांड्या लावणे आणि वीस-वीसच्या जुड्या बांधणे हे ज्याने केले आहे, त्याच्या बोटांना कळीचा घट्टपणा आपोआप कळू लागतो. तेथे काम करणाऱ्या बायका एका नजरेत ५० आणि ६० वेगळे करतात, आणि ‘दादा, ही कळी आज जाऊ देऊ नका’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले तर ती जुडी बाजूला काढून ठेवावी, कारण विचारत बसण्याएवढा वेळ गाडीला नसतो.